काचेवर ठेवायचा झाला तर कोणता फोटो?

बेळगावच्या शहापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी टाकला, मी चालवतो. मागच्या खोलीत पूर्वी डार्करूम होती, आता नुसती अडगळ आहे. निगेटिव्हची पाकिटं भरलेले बिस्किटांचे पत्र्याचे डबे, लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी, सीडींच्या चळती, बंद पडलेल्या दोन हार्ड डिस्क आणि एक चालू. गेल्या दिवाळीत माझी भाची आली, तिनं त्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, "मामा, माझा पीएचडीचा विषय तुमच्या ह्या खोलीत पडलाय की."

तोवर तिचा विषय घरात कुणालाच धड सांगता येत नव्हता. "कॉम्प्युटरमधलं काहीतरी, मेमरीवर," इथपर्यंत सगळ्यांची मजल. खरा विषय असा: माहिती साठवायची जी नवी साधनं पुढे येणार आहेत, ती साधी माणसं कशी वापरतील? साधनं ती बनवत नाही. ते काम रसायनवाल्यांचं आणि लेसरवाल्यांचं. ही माणसांकडे बघते. मला आधी हसूच आलं. वस्तू अजून दुकानात आलेली नाही आणि ती लोक कशी वापरतील यावर चार-पाच वर्षं घालवायची म्हणजे बाजारात तुरी म्हणतात तशातली गत. पण आठवडाभर ती दुकानात बसून होती. गिऱ्हाइकं बघत होती आणि मला प्रश्न विचारत होती. तेव्हा कळलं की तुरी बाजारात यायच्या आधीच हे विचारून ठेवलेलं बरं. का ते सांगतो.

आधी माझ्या खोलीचं सांगतो, कारण साठवणीचा अर्धा इतिहास तिथंच आहे. १९८०च्या दशकातली निगेटिव्ह आजही उजेडाला धरली की दिसते. मशीन लागत नाही, वीज लागत नाही. तिच्यानंतर आलेल्या व्हीएचएस कॅसेटला व्हीसीआर लागतो, आणि तो चालू अवस्थेतला शोधायला गेलात तर अर्धं बेळगाव पालथं घालावं लागेल. सीडी आली तेव्हा आम्ही छातीठोकपणे गिऱ्हाइकांना सांगायचो, "आता काळजी नाही, शंभर वर्षं टिकते." दहा वर्षांत काहींचा चकचकीत थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला. हार्ड डिस्कचं तर बोलायलाच नको. एक माझ्याच हातून टेबलावरून पडली आणि एका लग्नसराईचा सगळा डेटा गेला. करिझ्मा अल्बम छापून पोचते झाले होते म्हणून तोंड दाखवायला जागा राहिली. अजूनही कुणी आत आलं आणि "आमच्या लग्नाचा डेटा असंल की तुमच्याकडं?" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणजे जुनं ते वाचायला सोपं आणि नवं ते अवघड, असा उलटा प्रकार. हा काही आमच्या गल्लीपुरता नाही. इंग्लंडात १०८६ साली राजानं गावोगावच्या जमिनी आणि जनावरांची मोजदाद करून चामड्याच्या पानांवर नोंदवही लिहवून घेतली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं तिची संगणकी आवृत्ती काढली. दहा लाखांवर लोकांनी माहिती पाठवली, ती मोठ्या लेसर तबकड्यांवर भरली. पंधराएक वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली आणि त्यातलं सोडवून घ्यायला संशोधकांना खास खटाटोप करावा लागला. १०८६ची वही मात्र आजही उघडता येते.

आता नवी साधनं. दोन महत्त्वाची: डीएनए आणि काच.

संगणकात सगळं शून्य आणि एक. तुमचा फोटो म्हणजे काही कोटी शून्य-एकांची माळ. डीएनए हीही माळच, पण तिच्यात मणी चार प्रकारचे: ए, सी, जी आणि टी. आता आपसात ठरवून टाका की '००' आलं की ए, '०१' आलं की सी, '१०'ला जी आणि '११'ला टी. झाली फोटोची माळ डीएनएच्या माळेत उतरून. करताना ते इतकं सरळ जात नाही. एकच मणी सलग बरेचदा आला की बनवताना-वाचताना चुका होतात, म्हणून संकेत जरा वळणाचा ठेवतात, आणि चूक झालीच तर सुधारता यावी म्हणून थोडी जादा माहिती घालतात. शिवाय फार लांब माळ रसायनांनी नीट ओवता येत नाही. म्हणून दीड-दोनशे मण्यांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात त्याचा क्रमांक ओवून ठेवतात. पोथी सुटून पानं विखुरली तरी पानांच्या आकड्यांवरून ती परत लावता येते, तसंच हे. आणि यात जिवंत काही नसतं बरं का. भाचीनं सांगितल्यावर आईनं पहिलं विचारलं ते हेच, "मग ते वाढत नाही ना?" वाढत नाही. ती कुपीतली पूड असते.

हार्वर्डचे जॉर्ज चर्च यांनी २०१२ साली स्वतःचं एक अख्खं पुस्तक असं डीएनएत उतरवून दाखवलं. २०१७ साली यानिव्ह अर्लिक आणि दिना झिलिन्स्की यांनी अशी पद्धत मांडली की तिच्या हिशेबानं एका ग्रॅम डीएनएत २१५ पेटाबाइट मावतील. पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. १२८ जीबीचे सोळा लाखांहून जास्त फोन गच्च भरून एका ग्रॅमात बसवावेत, इतकं हे झालं. सोन्याच्या मण्याएवढ्या वजनात!

पण थांबा. २०१९ साली मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी माणसाचा हात न लावता हे सगळं आपोआप करणारं यंत्र दाखवलं. लिहायला शब्द घेतला 'हेलो'. इंग्रजीत पाच अक्षरं. ती डीएनएत लिहून परत वाचायला लागले २१ तास. तेवढ्या वेळात आपला माणूस बेळगावहून मुंबईला जाऊन, काम उरकून परतीच्या गाडीत बसतो. खर्चाचंही तसंच आहे, वाचणं बरंच स्वस्त झालंय, पण लिहिणं अजून महाग आहे.

काचेचं गणित निराळं. क्वार्ट्झच्या काचेत लेसरचे अतिसूक्ष्म झटके मारतात. एक झटका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागाच्या हिशेबातला. त्या झटक्यानं काचेच्या पोटात ठिपक्याएवढी खूण पडते. पृष्ठभागावर नव्हे, आत. अशा खुणांचे थरावर थर. मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश टाकून त्या वाचायच्या. मायक्रोसॉफ्टनं २०१९ साली ७५ मिलिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि २ मिलिमीटर जाड काचेवर एक अख्खा हॉलिवूडपट साठवून दाखवला, ७५.६ जीबीचा. ती काच उकळली, भाजली, भांडी घासायच्या तारेनं घासली, तरी तिचं काही बिघडलं नाही. काचेतली माहिती काही हजार वर्षं राहील असा संशोधकांचा अंदाज आहे. आमच्या आईच्या हातात एकही काचेचा ग्लास दोन वर्षांवर टिकलेला नाही, ते सोडा.

दोन्ही साधनांचे गुण एका बाजूला मांडले तर त्यांचा वापर कसा होणार ते दिसायला लागतं. खूप मावतं. ठेवून द्यायला वीज लागत नाही. लिहायला आणि वाचायला वेळ लागतो. हे यंत्र घरात नसेल, दूर कुठंतरी असेल. आणि काचेच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकदा लिहिलेलं पुसून तिथं दुसरं लिहिता येत नाही.

आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे: पेव. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं होती. घरात रोजची हळद मिसळणाच्या डब्यात असते, हात घातला की मिळते. महिन्याची हळद फळीवरच्या बरणीत. वर्षांची हळद पेवात. पेव काही भाजीला चिमूटभर हळद पाहिजे म्हणून उघडत नाहीत. उघडायचं तर माणसं लागतात, आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि मग काढायचं तर पोत्यांनी काढायचं. संगणकवाले याला 'थंड साठा' म्हणतात. तुमच्या फोनमधलं हा मिसळणाचा डबा, क्लाउड ही बरणी, आणि डीएनए-काच हे पेव. मोठ्या कंपन्या आजही जुनी माहिती चुंबकीय टेपवर ठेवतात. २०२१ साली आलेल्या एका टेपमध्ये १८ टेराबाइट, म्हणजे अठरा हजार जीबी मावतात, दिसायला ती माझ्या जुन्या कॅसेटीचीच भावंडं. सध्याचं पेव म्हणजे ही टेप. पुढे तिची जागा काच घेईल, अशी खटपट चालली आहे.

(२०१९च्या पुरात हरिपूरची पेवंही पाण्याखाली गेली. त्याच ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या होत्या. त्यानंतर दोन महिने माझ्याकडे भिजलेले अल्बम येत होते, पानं एकमेकांना चिकटलेली. जुने कागदी फोटो असे चिकटले तर सुके ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, हळूहळू आपोआप सुटतात. तेव्हा ज्यांचे फोटो फोनमध्ये किंवा क्लाउडवर होते, त्यांचं काहीच गेलं नाही, हेही कबूल करायला पाहिजे. कागदाची बाजू घेताना पूर विसरून चालत नाही.)

आता भाचीच्या कामाकडे येऊ. जे नाही ते वापरताना लोक कसे वागतील, हे बघायचं कसं? विचारायचं? माणसाला सरळ विचारलं की, "तुम्हाला हजार वर्षं टिकणारी काच दिली तर वापराल का?" तर तो "हो, वापरू की" म्हणणारच. फुकट मिळतंय आणि मुलगी चांगल्या घरची दिसते. त्या उत्तराला काडीची किंमत नाही, असं ती म्हणते. म्हणून या शाखेत काही युक्त्या आहेत आणि मला त्याच सगळ्यात आवडल्या.

पहिली युक्ती लाकडाच्या ठोकळ्याची. १९९०च्या दशकात अमेरिकेत जेफ हॉकिन्स नावाच्या माणसाला खिशात मावणारा संगणक काढायचा होता. त्यानं तेवढ्या मापाचा लाकडी ठोकळा कापला आणि खिशात घालून फिरायला लागला. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, काडीनं त्यावर लिहिल्यासारखं करायचा. आत काही नाही, नुसतं लाकूड. पण कधी खिशातून काढावासा वाटतो, कधी नको वाटतो, कुठं बोचतो, हे त्याला कळलं. १९९६ साली त्याचा पामपायलट आला आणि धडाधड खपला.

दुसरी युक्ती पडद्यामागच्या माणसाची. समोर यंत्र दिसतं, लोक ते वापरतात, पण आत यंत्र नसतंच, शेजारच्या खोलीत बसलेला माणूस उत्तरं पाठवत असतो. आमच्याकडच्या जत्रेत बोलणारं मुंडकं असायचं, तसंच. फरक इतकाच की इथं खेळ संपल्यावर लोकांना खरं काय ते सांगावं लागतं.

तिसरी युक्ती फोटोवाल्याच्या जिव्हाळ्याची. १९९०च्या दशकाच्या शेवटाला बिल गेव्हर आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑस्लो, ॲमस्टरडॅम आणि इटलीतल्या पिसाजवळच्या एका गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक पाकीट दिलं. त्यात पोस्टकार्डं, नकाशे आणि एकदा वापरून टाकायचा कॅमेरा. कॅमेऱ्याच्या पाठीवर छापलेलं: आज भेटलेल्या पहिल्या माणसाचा फोटो काढा, कंटाळवाण्या वस्तूचा फोटो काढा. प्रश्नावली नाही, आकडेमोड नाही. माणसं काय पाठवतात त्यावरून ती कशी जगतात याचा वास घ्यायचा. मी भाचीला म्हटलं, हे तर आम्ही रोज करतो. रोल धुवायला आला की घरातलं सगळं कळायचं. ती म्हणाली, "तुम्ही परवानगी घेत नव्हता, मामा." तिला प्रत्येक घरात लेखी संमती घ्यावी लागते, विद्यापीठाची समिती आधी सगळं तपासते आणि माणूस मध्येच "नको" म्हणाला तर त्याची माहिती बाजूला काढावी लागते. आम्हा स्टुडिओवाल्यांवर अशी समिती असती तर अर्ध्या गल्लीच्या भानगडी कुणाला कळल्याच नसत्या.

या सगळ्यातून इतरांनी आधी काय काय शोधून ठेवलंय, त्यातलं थोडं सांगतो. गॉर्डन बेल नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं मायक्रोसॉफ्टमध्ये असताना आपलं आयुष्यच साठवायचं ठरवलं. पत्रं, बिलं, फोटो, फोनवरची बोलणी, सगळं. जागेची चिंता उरली नाही तर फेकायचं कशाला, हा विचार. २०१० साली ॲबिगेल सेलन आणि स्टीव्ह व्हिटेकर यांनी त्यावर नेमकी टीका केली. सगळं साठवणं म्हणजे आठवणं नव्हे, माणसाला निवडून हाताशी लागलं तर उपयोग, असा त्यांचा सूर. त्याच वर्षी व्हिटेकर यांच्या गटानं आईबापांना त्यांच्याच संगणकातले वर्षापूर्वीचे ठरावीक कौटुंबिक फोटो शोधायला सांगितले. मुलाचा वाढदिवस, सहल, असे. जवळपास ४० टक्के वेळा फोटो सापडलेच नाहीत. आणि आधी विचारलं तेव्हा ह्याच मंडळींना वाटत होतं की लगेच काढून देऊ.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. माझ्या डब्यातली १९८८ची निगेटिव्ह मी दोन मिनिटांत काढतो, कारण पाकिटावर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय: नाव, गल्ली, तारीख, 'बारसं'. फोनमधला गेल्या महिन्यातला फोटो मात्र बोट झिजेपर्यंत सरकवूनही मिळत नाही. पाकिटावरच्या त्या ओळीला संगणकाच्या भाषेत मेटाडेटा म्हणतात, म्हणजे माहितीबद्दलची माहिती. काच हजार वर्षं टिकेल. पण हिच्यात काय आहे हे सांगणारी ओळ कोण लिहिणार, आणि ती कुठं लिहिणार?

कॅथी मार्शल या संशोधिकेनं सामान्य माणसं आपल्या डिजिटल वस्तूंचं काय करतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष साधा आहे. माणसं काहीच करत नाहीत. 'राहू दे पडून' हीच त्यांची पद्धत. कागदाच्या बाबतीत ही पद्धत चालून जायची, ट्रंकेत पडलेला कागद साठ वर्षांनी ट्रंकेतच सापडतो. पेनड्राइव्ह पडून राहिला तर मरतो. पडून राहूनही जगणारं साधन हवं असेल तर काच आणि डीएनए म्हणूनच माणसाच्या स्वभावाला धरून आहेत. आळशी माणसाची साठवण! संशोधनवाले हे असं बोलत नाहीत, मी बोलतो.

आणखी एक प्रयोग मला फार आवडला. विल्यम ओडम आणि सोबत्यांनी एक लाकडी पेटी बनवली, आत छोटा प्रिंटर. ती पेटी तुमच्या इंटरनेटवरच्या फोटोंतून आपल्या मनानं महिन्याला चार-पाच फोटो छापून आत टाकायची. कोणता, कधी, काही सांगायची नाही. तीन घरांत चौदा महिने ठेवली. आधी लोक वैतागले, आमचं यंत्र आमचं ऐकत कसं नाही म्हणून. पुढे त्या वाट बघण्याचीच त्यांना गोडी लागली. भाचीच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की साठवण सावकाश असणं हा दरवेळी दोषच असतो असं नाही. पत्र यायला आठ दिवस लागायचे तेव्हा पत्र चार वेळा वाचायचो, ते आठवून बघा.

आता आपल्या भागाचा मुद्दा, ज्यासाठी ती मुद्दाम इथं आली. आमच्या आईकडे एक लोखंडी ट्रंक आहे. तळाला मोडीतले कागद, आजोबांच्या आजोबांपासूनचे, जमिनीचे आणि कर्जाचे. त्यावर मुंबई इलाख्याच्या काळातले बाळबोध, म्हणजे देवनागरीतले मराठी कागद. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याच्यावर कन्नड. अगदी वर, २००० नंतर भूमी योजनेत जमिनीची दप्तरं संगणकावर गेली त्याचे छापील उतारे, तेही कन्नडमधले. शेत एकच, मालक एकाच घरातले. मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नाही. कन्नड मला अडखळत येतं, मुलाला चांगलं येतं, पण त्याला बाळबोध मराठीतला जुना सरकारी मजकूर कळत नाही. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे आणि तरी घरात अख्खी ट्रंक वाचू शकणारा एकही माणूस नाही.

खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, पाचव्या-सहाव्या शतकातले. तांब्यानं आपलं काम दीड हजार वर्षं चोख केलं. पण ते बोलायला लागले ते फ्लीटसारख्या अभ्यासकानं जुनी लिपी लावून वाचून छापले तेव्हा. मधल्या शेकडो वर्षांत ते नुसते धातूचे पत्रे होते. काचेचं तेच होणार. काच टिकेल, पण आतल्या खुणांचा संकेत, त्यावरची फाइलची जात, तिच्यातली लिपी, हे तीन मजले एकापाठोपाठ एक उलगडावे लागतील. मधला एक जरी ढासळला तर वरचा दिसणार नाही.

ह्याचा छोटा नमुना माझ्याच संगणकात आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही लग्नपत्रिकाही करायचो. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे एक जुगाड होता. आतून इंग्रजी अक्षरंच साठवली जायची, फॉन्ट फक्त त्यांना मराठी अक्षराचा मुखवटा चढवायचा. आता तो फॉन्ट नाही, तर फाइल उघडली की 'श्री गजाननाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. एकही बिट हरवलेला नाही आणि तरी सगळं हरवलंय. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, म्हणून ही कटकट गेली. देवनागरी त्यात पहिल्यापासून, म्हणजे १९९१ पासून आहे. मोडी यायला २०१४ उजाडलं.

त्याच २०१४च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. माझ्या फोल्डरांत 'बेळगाव' आहे, 'बेलगाम' आहे, 'बेळगावी' आहे, आणि मुलाच्या फोल्डरांत तेच कन्नडमध्ये. शोधणाऱ्या यंत्राला ही चार गावं. भाची म्हणते की या शाखेतली गाजलेली बरीच कामं अमेरिका-युरोपातल्या, बहुतेक एका भाषेत जगणाऱ्या घरांत झाली. तिला सीमाभागातली घरं हवी आहेत, जिथं आजी एका लिपीत लेबल लावते आणि नातू दुसऱ्या लिपीत शोधतो.

पुसता न येण्याचं मी विसरलो नाही, तो तर माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न. घटस्फोट झाला की लोक येतात, "अल्बमातनं तेवढा माणूस काढा." भावकीत बिनसलं की ग्रुप फोटोतून काका गायब. एका ताईंनी आपल्या लग्नाचा सगळा डेटा माझ्यासमोर पुसायला लावला आणि पुसून झाल्यावर बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या. काचेवर हे कसं करणार? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं आपल्याला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलाय. मृत्यूनंतर तो हक्क कुणी बजावायचा, त्याचं नाव लावून ठेवायचीही सोय दिलीय, बँकेच्या खात्याला वारस लावतो तशी. काचेवर याला एक तोडगा आहे. माहिती आधीच कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक करून कोरायची आणि किल्ली वेगळी ठेवायची. पुसायचं झालं की किल्ली नष्ट करायची. काच तशीच राहते, पण तिच्यातलं कुणालाही कधी वाचता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे पुसण्यासारखंच. त्या ताईंना ते पुसल्यासारखं वाटलं असतं का, हा भाचीचा प्रश्न. आणि उलटंही आहे. किल्ली चुकून हरवली तर हजार वर्षांची काच एका दुपारी मेली.

जायच्या आदल्या दिवशी तिनं एक रंगीत तालीम केली. हा काही अभ्यास नव्हता, प्रश्न नीट विचारता येतात का ते बघायचं होतं. फ्रेमला काच कापून देणाऱ्याकडून तिनं बिस्किटाएवढे काचेचे तुकडे कापून आणले, कडा घासून. हाच तिचा लाकडी ठोकळा. माझ्यापुढे एक ठेवला आणि नियम सांगितले. ह्यात एकदाच लिहायचं. पुसता येणार नाही. वाचायचं झालं तर दोन दिवस आधी सांगावं लागेल. आता सांगा, काय ठेवायचं?

मी चाळीस वर्षं फोटो काढतोय. लाखभर तरी काढले असतील. मला एक सुचेना. वडिलांचा म्हटलं, तर माझ्याकडे त्यांचा चांगला फोटोच नाही, ते कायम कॅमेऱ्यामागे. मग वाटलं, त्यांच्या अक्षरातलं एखादं पाकीट ठेवावं, फोटो नव्हे, नुसतं पाकीट. भाचीनं ते वहीत लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही न दाखवता. ते त्यांना शिकवतात म्हणे.

मग आईची पाळी. आईनं काच हातात घेतली, उजेडाला धरली, पदरानं पुसली.

"ह्यात काय ठेवूचं म्हणतीस?"

"तुला पाहिजे ते, आज्जी. जमिनीचे कागद, फोटो, तुझा आवाज. काही पण."

"आणि मोबाइलवर दिसंल?"

"नाही. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस चालतंय की. तलाठ्याकडं ह्यापेक्षा जास्त लागतात." थोडा वेळ थांबून म्हणाली, "पण मी गेल्यावर ही काच कसली, हे ह्यास्नी कोण सांगूचं?"

भाचीनं उत्तर दिलं नाही, तेही त्यांना शिकवतात बहुतेक. आईनं उत्तराची वाट बघितली नाही. तरुण भारतच्या जुन्या अंकाचा तुकडा फाडला, काच त्यात गुंडाळली, दोरा बांधला आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं. चौथीपर्यंतचं तिचं अक्षर, मोठं आणि सुटं. पुडी ट्रंकेत मोडी कागदांच्या शेजारी ठेवली. रात्री भाचीनं तिचा फोटो घेतला तेव्हा मी वाचलं:

काच आहे. रिकामी. टाकू नये.